मायक्रोवेव्ह घ्यायचा होता, सापडली साठ वॅट : नाशिकच्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावशीच्या घरचं आहे. नाशिकला टू बीएचके फ्लॅट, मावशी आणि काका दोघंच, दोघंही रिटायर्ड, मुलगा कॅनडात. महावितरणचं कनेक्शन, महिन्याचा वापर साधारण १५० युनिट. एसी नाही, आंघोळीला गच्चीवरचा सोलर, गीझर फक्त पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत. म्हणजे उधळपट्टी करणारं घर अजिबात नाही, उलट खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद केला का हे दोनदा बघणारी माणसं आहेत, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण एवढी काळजी घेऊनही या घरातली चतुर्थांशापेक्षा जास्त वीज कुणी काही वापरत नसताना जात होती.

सुरुवात मायक्रोवेव्हपासून झाली. मावशीला हवा होता, काकांना नको होता. मावशीचं कारण साधं, दोघांच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या, काका बाराला जेवायला बसतात आणि ती भजनी मंडळातून येते तेव्हा दीड वाजलेला असतो, मग वाटीभर भाजी, वाटीभर आमटी, भात असं प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं भांडं गॅसवर चढवायचं, खाली लागतं, आणि ती भांडी परत घासायची. काकांचं म्हणणं दोन मुद्द्यांचं. एक, मायक्रोवेव्ह बंद असताना पण वीज खातो, त्याचं घड्याळ चोवीस तास चालू असतं. दोन, आपलं युनिट वाढलं की वरचा स्लॅब लागतो आणि मग सगळंच बिल महाग होतं. मला विचारलेला प्रश्न असा होता की बजेटमधला, सहा-सात हजारांच्या आतला आणि बंद असताना वीज न खाणारा मायक्रोवेव्ह कुठला.

आधी काकांचा दुसरा मुद्दा, कारण हा गैरसमज मी खूप घरांत ऐकलाय. महावितरणचे घरगुती स्लॅब टप्प्याटप्प्याने लागतात. १०१ वं युनिट पडलं म्हणून पहिली १०० युनिटं महाग होत नाहीत, ती पहिल्याच दराने राहतात, फक्त त्यावरची युनिटं पुढच्या दराने. तेव्हा २०२४-२५ चे दर चालू होते, वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९ रुपये, त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या शंभरातलं एक युनिट तेव्हा पडायचं साधारण ६.८० रुपयांना आणि त्यानंतरचं १३.३० रुपयांना. (स्थिर आकार वेगळा, तो वापर कमी केला तरी कमी होत नाही, आणि अधूनमधून इंधन समायोजन आकार येतो तो धरलेला नाही.)

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरच्या टप्प्यातलं वाचतं. १५० युनिट वापरणाऱ्या घराने १० युनिट वाचवली तर ती ६.८० ची नाही, १३.३० ची वाचतात. सरासरी दर काढून हिशोब केला, जसं की एकूण बिल भागिले युनिट, तर बचत कमी दिसते आणि माणूस म्हणतो जाऊ दे, एवढ्यासाठी कोण उठून स्विच बंद करणार. मी काकांना हे बिलाच्या मागच्या बाजूला पेनाने मांडून दाखवलं, ते बँकेतले, त्यांना लगेच पटलं, आणि तिथून त्यांचा विरोध थोडा सैल झाला.

दुकानातला भाग

आम्ही तिघं दुकानात गेलो. सेल्समनने सरळ २८ लिटरच्या कन्व्हेक्शनकडे (गरम हवा फिरवून भाजणारा प्रकार) नेलं, केक होतो, तंदुरी होते, अमुक इतक्या ऑटो-कुक रेसिपी आहेत, किंमत तेरा हजारांच्या पुढे. मावशीला केक करायचाच नव्हता. दोन माणसांच्या घरात, जिथे काम फक्त गरम करणं, पापड भाजणं, कधी रवा नाहीतर कुटासाठी दाणे भाजणं एवढंच आहे, तिथे सोलो मायक्रोवेव्ह पुरतो, १७ ते २० लिटरचा. सोलो म्हणजे ज्यात ग्रिल नाही, कन्व्हेक्शनचा हीटर नाही, फक्त मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणाऱ्या सूक्ष्मलहरी तयार करणारा भाग. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा घेणाऱ्या आणि गॅसवरच स्वयंपाक करणाऱ्या घराने कन्व्हेक्शनमध्ये पैसे घालू नयेत, ज्याला खरंच बेकिंग करायचंय त्याने आधी वेगळ्या ओटीजीचा (विजेच्या साध्या ओव्हनचा) विचार करावा.

सोलोमध्ये दोन प्रकार समोर होते. एक टच पॅनलचा, डिस्प्लेवर घड्याळ, किंमत सात हजारांच्या वर. दुसरा दोन नॉबवाला, वरचा पॉवरचा, खालचा टायमरचा, साडेपाच हजारांच्या आसपास. सेल्समन म्हणाला, "हा नॉबवाला आता कोणी घेत नाही, जुनं मॉडेल आहे." मी त्याला विचारलं दोघांत आतली मशीन वेगळी आहे का, तर नाही, दोन्ही २० लिटर, दोन्ही ७०० वॅट.

हे ७०० वॅट काय आहे ते नीट समजून घ्या कारण इथे खूप जण फसतात. ७०० वॅट हे आउटपुट, म्हणजे अन्नापर्यंत पोचणारी ताकद. भिंतीतून ओढली जाणारी वीज त्याहून बरीच जास्त असते, मागच्या स्टिकरवर इनपुट लिहिलेलं असतं, या मॉडेलला ११५० वॅट होतं. मधली तफावत मॅग्नेट्रॉन आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात, पंख्यात आणि दिव्यात जाते. ११५० वॅट म्हणजे आपल्या २३० व्होल्टला पाच अँपिअर, त्यामुळे प्लग १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटला, अर्थिंग असलेल्या, आणि मल्टिप्लगवर तर मुळीच नको. बजेट मॉडेलमध्ये पॉवर कमी करायचा नॉब असला तरी मॅग्नेट्रॉन अर्ध्या ताकदीने चालत नाही, तो काही सेकंद पूर्ण चालतो, काही सेकंद थांबतो, म्हणून घूं आवाज येतो, जातो, परत येतो. मावशीला हे दुकानातच सांगून ठेवलं नाहीतर तिला वाटलं असतं मशीन बिघडली.

आता स्टँडबाय, म्हणजे उपकरण बंद दिसत असताना जाणारी वीज. टच पॅनलवाल्या मायक्रोवेव्हमध्ये डिस्प्ले, घड्याळ आणि बटणं ओळखणारं सर्किट यांना चोवीस तास थोडी वीज लागते. मेकॅनिकल टायमरमध्ये नॉब शून्यावर आला की कॉन्टॅक्ट तुटतो, आत जागं राहायला काही उरतच नाही. एक लक्षात ठेवा, नॉब दिसला म्हणजे मेकॅनिकल असं नाही, काही मॉडेलना नॉब असतो पण शेजारी आकडे दाखवणारा डिस्प्ले पण असतो, तो स्टँडबाय खातोच. डिस्प्ले आहे का, एवढंच बघायचं.

घड्याळाचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. मावशीच्या शेजारच्या काकूंकडे बऱ्याच वर्षांचा डिजिटल मायक्रोवेव्ह आहे, त्यांच्या परवानगीने त्याला प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर लावला, नुसत्या घड्याळाला अडीच वॅट दाखवले. अडीच वॅट गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला ६० वॅट-तास (हजार वॅट-तासांचं एक युनिट). ११५० वॅटचा मायक्रोवेव्ह तीन मिनिटं चालवला तर जातात ५७.५ वॅट-तास. म्हणजे ज्या दिवशी काकू फक्त एक वाटी भाजी आणि एक कप दूध गरम करतात त्या दिवशी अन्नाइतकीच वीज घड्याळाला जाते. वर्षाला धरलं तर जवळपास २२ युनिट, वरच्या टप्प्यात असाल तर तेव्हाच्या दराने २९० रुपये. म्हणजे काकांचा पहिला मुद्दा बरोबर होता.

नियमांच्या बाजूने बघितलं तर ही गोष्ट जगभर फार आधी ओळखली गेलीय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये एक वॅटचं उद्दिष्ट पुढे केलं, की कुठलंही उपकरण स्टँडबायला एक वॅटपेक्षा जास्त खाऊ नये. युरोपियन युनियनने २००८ मध्ये नियम केला आणि २०१३ पासून मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली, माहिती दाखवणारा डिस्प्ले असेल तर एक वॅट. अमेरिकेत साध्या मायक्रोवेव्हला २०१६ पासून स्टँडबाय एक वॅटच्या आत ठेवणं सक्तीचं झालं. आपल्याकडे बीईई म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१९ मध्ये मायक्रोवेव्हसाठी स्टार लेबल सुरू केलं पण ते ऐच्छिक, आम्ही बघितलेल्या बजेट मॉडेलपैकी एकावरही ते नव्हतं. म्हणून दुकानात आकडा मिळेल या आशेवर राहू नका. फ्रिजचे तारे दाखवणारा सेल्समन मायक्रोवेव्हच्या स्टँडबायबद्दल विचारलं की मॅनेजरकडे बघतो.

शेवटी नॉबवाला घेतला, आणि स्टँडबाय हे त्यातलं एकच कारण. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टच पॅनलवरची सपाट, राखाडीवर पांढरी अक्षरं तिला दिसत नव्हती, नॉब मात्र तिने दुकानात उभ्या उभ्या फिरवून दाखवला. बजेटमध्ये उरलेल्या पैशातून बोरोसिलिकेट काचेची झाकणवाली तीन भांडी घेतली. हा खर्च लोक धरतच नाहीत. आपल्या घरात सगळं स्टीलचं, डबे, वाट्या, पातेली, त्यातलं काहीच मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, आणि मग लोक मशीन घेऊन ऑनलाइन जेवणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत गरम करत बसतात. मशीन साडेपाच हजारांची असेल तर हजार-बाराशे भांड्यांना बाजूला ठेवा. आणि जाताना आपलं नेहमीचं ताट किंवा भांडं मोजून जा, २० लिटरच्या मशीनमधली फिरती प्लेट साधारण २५ सेंटिमीटरची असते.

नॉबचे तोटे पण आहेत. पहिल्या एक-दोन मिनिटांत टायमरचा अंदाज चुकतो, तीस सेकंद नेमके लावता येत नाहीत, त्यासाठी नॉब आधी दोन मिनिटांच्या पुढे न्यायचा आणि मग हवा तिथे मागे आणायचा. दुसरं, भाजी लवकर गरम झाली म्हणून मधेच दार उघडून बाहेर काढली तर टायमर हाताने शून्यावर आणायलाच हवा, नाहीतर दार लावलं की मशीन रिकामी चालू होते आणि रिकामी चालणं मॅग्नेट्रॉनला वाईट. हे मी मावशीकडून चार वेळा करून घेतलं.

घरी आणल्यावर मशीन बरोबर चालते का हे बघायची एक साधी चाचणी केली. प्लॅस्टिकच्या नाहीतर काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी, थर्मामीटरने तापमान घ्यायचं, फुल पॉवरला दोन मिनिटं, पाणी ढवळून परत तापमान. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणलं की वॅट मिळतात. ७०० वॅटला साधारण २० अंश वाढायला हवेत, भांडं पण थोडी उष्णता घेतं म्हणून १८ आले तरी ठीक, बारा-तेरा आले तर लगेच कंपनीच्या सर्व्हिसला फोन. आमच्याकडे साडेअठरा आले.

खरी वीज कुठे जात होती

मायक्रोवेव्हचा विषय इथे संपला असता. पण काकांनी घड्याळाच्या अडीच वॅटचा हिशोब ऐकला होता आणि ते हॉलमध्ये बसून एकेका लाल दिव्याकडे बघायला लागले, टीव्हीखालचा, म्युझिक सिस्टिमचा, कॉम्प्युटरच्या यूपीएसचा. मला म्हणाले, "अरे, मग हे सगळं किती खातं?" हा त्यांचा प्रश्न मायक्रोवेव्हच्या प्रश्नापेक्षा खूप मोठा होता.

मोजायला काही विकत घ्यावं लागत नाही. जिन्याखाली जो मीटर आहे त्यावर एक छोटा लाल एलईडी मिचकतो आणि त्याच्या बाजूला लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, या मीटरवर ३२०० होतं. म्हणजे एकदा मिचकला की ०.३१ वॅट-तास गेले. दोन मिचकण्यांमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, उत्तर वॅटमध्ये. (तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या.) आम्ही घरातले सगळे दिवे, पंखे बंद केले, फ्रिजचा प्लग थोडा वेळ काढून ठेवला, बाकी जे एरवी "बंद" असतं ते तसंच ठेवलं. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच हे करा, आदल्या दिवशी लाईट गेली असेल तर चार्जिंगची वीज त्यात मिसळते आणि आकडा उगाच मोठा येतो. काका खाली मीटरपाशी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन, मी वर. दहा मिचकण्यांचा वेळ घेऊन सरासरी काढली, एका मिचकण्याला जवळजवळ १९ सेकंद.

म्हणजे ६० वॅट. घरात कोणी काही वापरत नाही आणि ६० वॅट चालू. दिवसाला दीड युनिटाच्या जवळ, महिन्याला ४३ युनिट. दीडशेतले त्रेचाळीस.

मग एकेक प्लग काढत गेलो आणि प्लगमीटरने पण बघितलं. या स्वस्त प्लगमीटरबद्दल एक सांगतो, दोन वॅटच्या खाली त्यांचा भरवसा धरू नका, आणि स्क्रीनवर व्हीए आणि वॅट असे दोन आकडे येत असतील तर वॅटचाच घ्या, घरगुती बिल वॅटच्या युनिटांवर होतं.

सेट-टॉप बॉक्स निघाला १० वॅट. चालू असताना ११ आणि रिमोटने बंद केल्यावर १०. रिमोटचं लाल बटण दाबलं की फक्त चित्र जातं, बॉक्स आतून जागाच असतो, सिग्नल घेत असतो. याउलट टीव्ही, जो मोठा दिसतो आणि ज्याच्यावर काकांचा संशय होता, तो स्टँडबायला एक वॅटसुद्धा नव्हता. नवीन टीव्हींचं स्टँडबाय खरोखर सुधारलंय, जुन्या बॉक्सचं नाही.

म्युझिक सिस्टिम ८ वॅट. ती शेवटची कधी लावली हे दोघांनाही आठवेना.

कॉम्प्युटरचा यूपीएस आणि प्रिंटर मिळून ९ वॅट, कॉम्प्युटर बंद असताना. काका महिन्यातून काही वेळा बसतात त्यावर, पेन्शनचं, एफडीचं बघायला.

फ्रिजचा स्टॅबिलायझर ७ वॅट, आणि हा सगळ्यात चटका लावणारा. जुन्या फ्रिजसाठी घेतलेला, फ्रिज बदलला पण स्टॅबिलायझर तसाच मधे राहिला, नव्या फ्रिजच्या दारावर स्पष्ट लिहिलंय की स्टॅबिलायझरची गरज नाही आणि मॅन्युअलमध्ये व्होल्टेजची रेंज पण दिलीय. तो लोखंडी डबा वर्षानुवर्षं फ्रिजमागे गरम होत बसला होता, हात लावला तर कोमट लागायचा. कुठलीही बंद वस्तू हाताला कोमट लागते तिथे वीज जातेय, एवढं साधं आहे.

इन्व्हर्टर १४ वॅट, बॅटरी भरलेली ठेवण्यात आणि स्वतःच्या सर्किटमध्ये. वायफायचा राऊटर आणि फायबरचा डबा मिळून ८. वॉटर प्युरिफायर २. मोबाईलचे चार्जर, नुसते लावून ठेवलेले, बेल, स्विचवरचे इंडिकेटर सगळे मिळून एक-दीड वॅट. चार्जरबद्दल घरोघरी जे ओरडणं चालतं ना मुलांवर, त्यात तथ्य फार थोडं आहे, एका मोकळ्या चार्जरचे वर्षाचे पैसे काही रुपयांत येतात, आणि त्याच भिंतीवरचा सेट-टॉप बॉक्स वर्षाला हजाराच्या वर नेत असतो.

काय बंद केलं, काय ठेवलं

इथे मी मुद्दाम सांगतो, सगळं बंद करायला निघालो असतो तर आठवड्यात सगळं मूळ पदावर आलं असतं. राऊटर ठेवला, कारण मुलाचा फोन कॅनडातून आपल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा येतो आणि लँडलाईन पण त्याच फायबरवर आहे. आठ वॅटसाठी आईबापाने मुलाचा फोन चुकवायचा हे मला मान्य नाही. इन्व्हर्टर ठेवला, काकांना रात्री मशीन लावून झोपावं लागतं, श्वासाचं, लाईट गेली तर ते बंद पडून चालणार नाही. प्युरिफायरचे दोन वॅट सोडून दिले, त्याचं सॉकेट सिंकच्या वर उंचावर आहे, ओल्या हाताने तिथे रोज धडपड नको.

स्टॅबिलायझर काढला. हे एकदाच करायचं काम, रोजची सवय नको, महिन्याला पाच युनिट. काढायच्या आधी मात्र संध्याकाळी सात ते नऊ आणि पहाटे व्होल्टेज बघितलं, २२० ते २४० च्या मधेच होतं. गावाकडे किंवा शेती फीडरच्या जवळ जिथे व्होल्टेज १६०-१७० ला येतं तिथे हे डोळे झाकून करू नका. म्युझिक सिस्टिमचा प्लग काढला, पावणेसहा युनिट. यूपीएस-प्रिंटरचं स्विच बंद, लागेल तेव्हा चालू, तिथले जवळपास सहा. (यूपीएसची बॅटरी महिनोन्महिने न चार्ज करता ठेवू नये, काका वापरतात तेवढ्याने ती चार्ज राहते.)

सेट-टॉप बॉक्सला वेळ लागला. एक तर त्याचं बोर्ड टीव्ही युनिटच्या मागे, स्विच बंद करायला वाकून हात घालावा लागायचा, तसं कोण रोज करणार. आपल्याकडे भिंतीवर प्रत्येक सॉकेटला स्विच असतो ही केवढी मोठी सोय आहे, कितीतरी देशांत ती नाही, पण फर्निचर करताना सुतार आणि आपण मिळून तो स्विच लपवून टाकतो. टीव्ही आणि बॉक्स दोघांचा लोड किरकोळ, म्हणून चांगल्या प्रतीचा स्विचवाला एक्स्टेंशन बोर्ड आणून युनिटच्या बाजूला पुढे बसवला, बोटाने टच होईल असा. दुसरी अडचण काकांची होती आणि ती खरी होती, बॉक्स मुळापासून बंद केला की चालू व्हायला वेळ घेतो, त्यांना सकाळी साडेसहाच्या बातम्या वेळेवर हव्या असतात. मावशीनेच उपाय काढला, ती सहाला चहा ठेवायला उठते तेव्हा बोर्ड चालू करते, आणि रात्री जो शेवटी झोपतो तो बंद करतो. दुपारी पण बंद. दिवसाचे अठरा तास धरले तर ५.४ युनिट.

मला स्मार्ट प्लगचं सुचवलं गेलं होतं, मोबाईलवरून बंद-चालू. मी नको म्हटलं. तो प्लग स्वतः वायफायवर जागा राहायला वॅटभर खातो, पैसे जातात, आणि सत्तरीच्या दोन माणसांना एक अॅप शिकवायचं. बोटाने दाबायचा स्विच त्याहून चांगला.

मायक्रोवेव्हची जागा ठरवताना पण हेच बघितलं. नॉबवाला असल्यामुळे स्टँडबायचा प्रश्न नाही, तरी मोठा प्लग आणि स्विच समोर दिसतील अशी जागा ओट्याच्या टोकाला ठेवली, मागे आणि वर हवा खेळायला जागा सोडून. फ्रिजचं सॉकेट वेगळं.

हिशोब

बंद केलेल्या गोष्टींची बेरीज महिन्याला साधारण २२ युनिट. मायक्रोवेव्ह दिवसाला दहा-बारा मिनिटं चालतो, कधी दाणे भाजले तर जास्त, म्हणजे महिन्याला सहा-सात युनिट त्यात वाढली. निव्वळ पंधरा युनिट कमी, १३.३० च्या दराने महिन्याचे २०० रुपये. मशीन आणि भांडी मिळून जो खर्च झाला तो तीनेक वर्षांत या बचतीतून निघतो, आणि नंतरचं सगळं वरकड.

पण एक गोष्ट मला सरळ सांगावीशी वाटते, मायक्रोवेव्हमुळे पैसे वाचले असं कोणी म्हणू नये. कपभर पाणी किंवा दूध गरम करायला मायक्रोवेव्हला जी वीज लागते ती वरच्या टप्प्यात ४०-४५ पैशांची होते, तेच गॅसवर नीट, बेताच्या आचेवर केलं तर त्याच्या निम्म्याहून कमीत होतं. चहा गॅसवरच करा. मायक्रोवेव्ह आणला तो मावशीच्या दुपारच्या जेवणासाठी, पातेली कमी होण्यासाठी, आणि ते काम तो उत्तम करतो, वाटीतच गरम, वाटीतच जेवायला. दाण्याचा कूट आता ती गॅससमोर उभं न राहता करते, काचेच्या भांड्यात वाटीभर दाणे, मिनिटाने ढवळायचे, परत मिनिट, असं तीन-चार वेळा, करपत नाहीत. पैसे वाचले ते स्टॅबिलायझर, बॉक्स, म्युझिक सिस्टिम आणि यूपीएसमधून, आणि ते मायक्रोवेव्ह न घेता पण वाचले असते.

बिल बघून परिणाम मोजायला जाऊ नका, निदान लगेच नको. मार्चनंतर पंखे वाढतात, फ्रिज जास्त चालतो, बिल वरच जातं आणि माणसाला वाटतं काही उपयोग झाला नाही. काकांनी मधे तसंच म्हटलं फोनवर, बिल तेवढंच आलंय. मग परत मीटरपाशीच उभं राहायला सांगितलं, सगळं बंद करून, फ्रिज पण. या वेळी मिचकायला ४५ सेकंद लागले, म्हणजे २५ वॅट. साठाचे पंचवीस झाले होते.

त्या पंचवीसमधले चौदा एकट्या इन्व्हर्टरचे आहेत. त्याची बॅटरी आता पाचव्या वर्षात आहे, पाणी वारंवार भरावं लागतं आणि जुनी झालेली बॅटरी भरलेली राहायला जास्त वीज मागते. बॅटरी बदलताना इन्व्हर्टर पण बदलायचा का, की फक्त काकांच्या श्वासाच्या मशीनपुरता आणि दोन दिव्यांपुरता छोटा घ्यायचा, हे दिवाळीच्या आधी ठरवायचंय. काकांनी त्यासाठी दुकानदाराला विचारायचा प्रश्न आत्ताच लिहून ठेवलाय, बॅटरी फुल असताना तुमचा इन्व्हर्टर किती वॅट घेतो.